बादलीभर पाण्याचं पीक

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मंगळवेढ्याच्या शिवारात गेलात, तर नवख्या माणसाला जरा विचित्रच वाटेल. हस्ताचा पाऊस उरकत आलेला असतो, ढग माघारी निघालेले असतात आणि नेमकी तेव्हाच पेरणीची धांदल चाललेली असते. बाकी महाराष्ट्र मृगाच्या सरींची वाट बघून पेरतो. इथला शेतकरी पाऊस संपत आल्यावर पाभर बाहेर काढतो. पुढचे चार महिने आभाळातून काही पडेल याचा भरवसा नाही, बहुतेक रानांना विहीर किंवा कालवा नाही. तरी फेब्रुवारीत त्याच रानात डोक्यापेक्षा उंच ज्वारी उभी असते आणि कणसं टच्च भरलेली असतात.

हे पाणी येतं कुठून? आणि एवढ्याशा पाण्यात ज्वारीचं भागतं कसं? ‘भरडधान्य काटक असतं’ असं म्हणून आपण हा प्रश्न सोडून देतो. पण काटक म्हणजे नेमकं काय, हे पाहायला लागलं की ज्वारीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. भाकरी लाटता का येत नाही, हुरडा आठवड्याभरात का संपतो, कोवळी ज्वारी खाऊन गाय का दगावते, या सगळ्यांचा.

जमिनीत मुरलेली शिल्लक

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि पुणे, सातारा, सांगली या जिल्ह्यांचा पूर्वेकडचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. इथे पाऊस मुळात कमी, त्यात तो दोन हप्त्यांत येतो. जूनमध्ये थोडा पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये दडी मारतो आणि खरा जोर धरतो तो सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये पेरलेलं पीक मधल्या उघडिपीत सापडतं. म्हणून इथल्या भारी रानांत खरिपात काही न पेरता जमीन पड ठेवायची, कुळवाच्या पाळ्या घालून तण मारायचं, पाणी मुरवायचं आणि हंगामाच्या शेवटी पेरायचं, ही रीत पडली. बाहेरून पाहणाऱ्याला ते रान रिकामं दिसतं, पण त्यात पाणी साठत असतं.

हे साठवणं जमतं ते काळ्या मातीमुळे. ही माती काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे. तिच्यातले चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. वाळली की आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. अशी मीटरभर खोल भारी जमीन पिकाला उचलता येईल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. हलक्या मुरमाड रानाला हे जमत नाही. तिथे पाणी आलं तसं निघून जातं.

पगार थांबल्यावर निवृत्त माणूस बँकेतल्या शिलकीवर घर चालवतो, तसं रब्बी ज्वारीचं असतं. फरक एवढाच, की या शिलकीवर व्याज मिळत नाही, उलट रोज थोडी गळती होते.

आकडे मांडूनच पाहू. दीडशे मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी सुमारे सहा लाख लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण शिफारशीप्रमाणे दोन ओळींत 45 सेंटिमीटर आणि दोन ताटांत 15 सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर एकरात साठ हजारांच्या आसपास ताटं बसतात. एका ताटाच्या वाट्याला आले दहा लिटर. उगवण्यापासून दाणा भरेपर्यंत, चार महिन्यांना मिळून एक बादली पाणी.

आणि हीसुद्धा सगळी त्याला मिळत नाही. काही पाणी उन्हाने मातीच्या पृष्ठावरून उडतं, काही तण पितं, काही भेगांच्या उघड्या भिंतींतून जातं. शिवाय भेग रुंदावली की मुळं तुटतात. म्हणून रब्बी ज्वारीत कोळपणीला एवढं महत्त्व. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं या भागात म्हणतात, ते उगाच नाही. कोळप्याने वरचा दोन-तीन बोटांचा थर भुसभुशीत झाला की खालून वर चढणाऱ्या पाण्याची सूक्ष्म वाट तिथेच तुटते, सुटी माती भेगांत पडून त्या बुजतात आणि तणही मरतं. सोलापूरला 1933 साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टी मोजून, तोलून पाहिल्या. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, वेळेवर कोळपणी, अशी त्यांची पद्धत होती. पुढे ती मुंबई इलाख्याच्या नावाने देशभर ओळखली गेली. तिच्यात पीक वाढवण्यापेक्षा पाणी राखण्याचाच विचार जास्त होता.

ताट पाणी कसं वाचवतं

आता झाडाकडे येऊ. पोटरीत आलेल्या ज्वारीच्या ताटावरून बोट फिरवून पाहा. बोटाला पांढरी भुकटी लागते. शहरातल्या माणसाला ती फवारलेल्या औषधाची वाटते, पण ते मेण असतं, झाडाने स्वतःच बनवलेलं. पानाच्या देठाकडच्या भागावर आणि धांड्यावर त्याचा थर बसतो आणि कातडीतून होणारी पाण्याची गळती त्याने थांबते.

झाडाचं बहुतेक पाणी जातं ते पानावरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून. ही छिद्रं बंदच ठेवता आली असती तर प्रश्न मिटला असता. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने आत येतो आणि त्याच्याशिवाय अन्न तयार होत नाही. दार उघडलं की वायू आत येतो आणि वाफ बाहेर पडते. ही अडचण सगळ्याच झाडांना आहे. ज्वारीने तिच्यावर शोधलेला उपाय मात्र खास आहे.

गहू, तांदूळ, हरभरा यांच्या पानात हा वायू पकडण्याचं काम एकच विकर करतं. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. हे विकर थोडं धांदरट आहे. ऊन वाढलं की ते कार्बन डायऑक्साइडच्या जागी प्राणवायूच धरून बसतं आणि तेवढं काम फुकट जातं. ज्वारीच्या पानात दोन टप्पे असतात. बाहेरच्या पेशींत दुसरंच एक विकर काम करतं आणि ते कधी चुकत नाही. ते वायू पकडतं, एका आम्लाच्या रूपात आतल्या पेशींकडे पाठवतं आणि तिथे तो पुन्हा मोकळा होतो. आतल्या खोलीत असा वायूचा दाट साठा झाला की धांदरट विकरालाही चुकायला वाव राहत नाही. याचा फायदा असा, की छिद्रं थोडीच उघडी ठेवूनही काम भागतं. मका, ऊस, बाजरी आणि नाचणी याच घराण्यातली आहेत. वनस्पतिशास्त्रात त्यांना सी-4 वनस्पती म्हणतात, कारण पहिल्या टप्प्यात बनणाऱ्या आम्लात कार्बनचे चार अणू असतात.

गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ब्रिग्ज आणि शँट्झ या दोन शास्त्रज्ञांनी पिंपांत झाडं वाढवून त्यांनी प्यायलेलं पाणी मोजलं होतं. एक किलो सुका माल, म्हणजे पानं, धांडा, दाणा सगळं मिळून, तयार करायला ज्वारीला सुमारे 320 लिटर पाणी लागलं आणि गव्हाला 510 च्या वर. हवामान बदललं की हे आकडे बदलतात, पण प्रमाण साधारण असंच राहतं. आता आपलं एकरी सहा लाख लिटर या हिशेबात घाला. ज्वारीचा सुका माल होतो सुमारे अठरा क्विंटल. उंच वाढणाऱ्या जातींत त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग दाणा असतो. म्हणजे सगळं पाणी पिकालाच मिळालं तर साडेचार ते सहा क्विंटल ज्वारी आणि बाकीचा कडबा. कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा, चांगल्या वर्षीच्या उताऱ्याचा अंदाज तो याच्या आसपासच सांगेल.

ज्वारीची आणखी एक खोड आहे, तीही कामाची. पाणी फारच ओढलं की ती पानं लांबट गुंडाळून घेते आणि वाढ थांबवून नुसती उभी राहते. मध्येच एखादी अवकाळी सर आली तर पुन्हा वाढीला लागते. मका अशा वेळी हात टेकतो. पण दाणा भरण्याच्या वेळीच ओल संपली, तर ज्वारीचंही काही चालत नाही. दाण्यासाठी ती धांड्यातला साठा उपसते. धांडा पोकळ आणि कमजोर होतो, जमिनीतली बुरशी मुळातून आत शिरते आणि उभं पीक बुडातून मोडून आडवं होतं. याला खडखड्या म्हणतात. औषध मारून तो आवरत नाही. त्याचं मूळ ओल संपण्यात आहे.

कोवळ्या पानातलं विष

गुरं राखणाऱ्याला हे माहीत असतं. गुडघ्याएवढ्या ज्वारीत जनावर घुसलं तर आधी त्याला बाहेर काढायचं. त्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. नुसतं धुरिन काही करत नाही. ते फोडणारं विकर झाडाने शेजारच्या वेगळ्या पेशींत ठेवलेलं असतं. पान सलामत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. जनावराने चावलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि तयार होतं हायड्रोजन सायनाइड. त्यामुळे रक्तात प्राणवायू असूनही शरीरातल्या पेशींना तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकतं आणि लवकर उपचार झाला नाही तर दगावतं.

पाण्याविना खुरटलेल्या ज्वारीत आणि कापल्यावर पुन्हा फुटलेल्या कोंबांत हे द्रव्य जास्त असतं. म्हणजे चाऱ्याची टंचाई असते तेव्हाच धोकाही मोठा असतो. पीक फुलोऱ्यात आलं की त्याचं प्रमाण घटतं आणि वाळलेल्या कडब्यात भीतीचं कारण उरत नाही. पक्व दाण्यातही ते नगण्य असतं. मात्र दाण्याला मोड आले की कोंबात ते पुन्हा तयार होतं. हल्ली मूग-मटकीच्या जोडीला ज्वारीचे लांब मोड कच्चे खाण्याची टूम निघाली आहे, ती बरी नाही. ज्वारीचं माल्ट करणारे धान्य वाळवून कोंब आणि मुळं चोळून काढून टाकतात.

हुरड्याचे आठ दिवस

कणीस निसवल्यावर दाण्यात आधी चीक भरतो. तो दुधाळ असतो आणि त्यात साखर विरघळलेली असते. झाड पानांतून साखर पाठवत राहतं आणि दाणा तिचं स्टार्चमध्ये, म्हणजे पिठूळ पदार्थात, रूपांतर करून साठवत जातो. चीक ओसरून दाणा मऊ, हिरवट आणि भरीव झाला, पण गोडवा अजून शिल्लक आहे, असा जो मधला काळ तो हुरड्याचा. एका कणसात तो आठवडाभर टिकला तर खूप. त्यानंतर साखर कमी, स्टार्च जास्त आणि दाणा टणक.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, म्हणजे आगटीत, कणीस खुपसलं की दाण्यातलं पाणी तापून दाणा स्वतःच्याच वाफेत शिजतो. वरची टरफलं करपून सुटतात, म्हणून कणीस तळव्यावर चोळलं की दाणे मोकळे होतात. गुळभेंडी या जातीचा हुरडा नावाजलेला आहे तो गोडीसाठी आणि असा सहज सुटण्यासाठीही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले मधुर’ ही जात दिली आणि नागपंचमीच्या लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’. लाहीचं गणित वेगळं आहे. तिच्यासाठी टरफल घट्ट आणि आतला गर काचेगत कडक हवा. तापवल्यावर आतली वाफ कोंडून राहते आणि एकदम फुटते. टरफलाला बारीकशी चीर असली तरी वाफ हळूच निघून जाते आणि लाहीचं गणंग होतं.

काढणीची वेळ ठरवायला जाणता शेतकरी कणसातला एक दाणा काढून उलटा करून बघतो. बुडाशी काळा ठिपका दिसला, की झाडाने पुरवठा बंद केला असं समजायचं. त्यापुढे रान राखण्यात अर्थ असतो तो पाखरांपासून. मालदांडी या गावरान जातीचा पांढराशुभ्र दाणा तुरट नसतो, म्हणून माणसाला आवडतो आणि पाखरांनाही. आफ्रिकेत काही ठिकाणी लाल, तुरट ज्वारी मुद्दाम लावतात, तिच्या वाटेला पाखरं फार जात नाहीत. आपण पांढरी निवडली आणि माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणं पत्करलं.

भाकरी लाटता का येत नाही

गव्हाच्या कणकेत पाणी पडलं की तिच्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ताणता येणारं जाळं तयार करतात. त्याचं नाव ग्लुटेन. ज्वारीतही प्रथिनं गव्हाइतकीच असतात, पण त्यांतलं मुख्य प्रथिन, काफिरिन, बारीक गोळ्यांत बंदिस्त असतं आणि पाण्याला दाद देत नाही. जाळं होत नाही, म्हणून थंड पाण्यात भिजवलेलं पीठ थापायला घेतलं की कडेने चिरतं.

इथे स्टार्च मदतीला येतं. साधारण 70 अंश सेल्सियसच्या आसपास त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. आधणाचं पाणी पिठात ओतलं की थोडंसं स्टार्च तिथेच शिजतं आणि बाकीच्या पिठाला धरून ठेवतं. सगळंच शिजलं तर खळ होईल, म्हणून मोजकंच पाणी कडकडीत घालायचं आणि पुढे साध्या पाण्याचा हात लावून तळव्याच्या टाचेने मळायचं. मळायचं तेही एका भाकरीपुरतं. गोळा पडून राहिला की ओल जाते आणि पुन्हा चिरा पडतात. या चिकटपणाला बायका विरी म्हणतात. जुन्या पिठाची विरी जाते, म्हणून ज्वारीचं दळण आठवड्या-पंधरवड्यापुरतंच आणायची पद्धत आहे.

तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, त्यालाही कारण आहे. त्या ओल्या पृष्ठभागावर स्टार्च शिजून सलग पातळ पापुद्रा तयार होतो. पाणी सुकायच्या बेतात आलं की भाकरी उलटायची. आधी उलटली तर ती तव्याला चिकटते, उशिरा उलटली तर पापुद्रा तडकतो. मग विस्तवावर धरली की आतल्या पाण्याची वाफ होते, सलग पापुद्र्यातून तिला वाट मिळत नाही आणि भाकरी टम्म फुगते. ती न फुगण्याचा दोष बहुतेक वेळा या पापुद्र्यातल्या एखाद्या भोकाचा असतो, स्वयंपाकिणीच्या नशिबाचा नव्हे.

सोलापूरकडची कडक भाकरी म्हणजे याच भाकरीतलं उरलेलं पाणी मंद आचेवर घालवून टाकणं. पाणी नाही तर बुरशी नाही. शेंगाचटणीबरोबर ती प्रवासात कितीतरी दिवस टिकते.

> चौकट : गिरणीत जाण्याआधी
> सिलिअॅक हा आजार असणाऱ्यांना गव्हातलं ग्लुटेन थोडंही चालत नाही. त्यांच्यासाठी ज्वारी सोयीची आहे, पण गिरणीत त्याआधी गहू दळला असेल तर जात्यात उरलेलं पीठ ज्वारीत मिसळतं. अशा घरांनी दळणाची वेगळी सोय करावी. इतरांना ही काळजी करायचं कारण नाही. ‘मल्टिग्रेन’ पिठाच्या पाकिटावर घटकांची यादी असते, तीत ज्वारी कितव्या क्रमांकावर आहे ते बघावं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि बरेचदा गहू पहिला निघतो.

गुण किती, गाजावाजा किती

2023 हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. ‘श्रीअन्न’ हे नाव तेव्हापासून सरकारी कागदांत आलं. त्यानंतर ज्वारीच्या नावावर इतके गुण जमा झाले आहेत की ती धान्य आहे की धन्वंतरी, असा प्रश्न पडावा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत पाहिलं, तर 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं, 10 ग्रॅम तंतू आणि 4 मिलिग्रॅम लोह आहे. अख्ख्या गव्हाचे आकडे जवळपास हेच आहेत. म्हणजे कोंड्यासकट गव्हाची पोळी खाणाऱ्याने ज्वारी धरली म्हणून या तीन बाबतींत त्याचं भाग्य उजळत नाही. फरक पडतो तो पांढऱ्या भाताशी तुलना केली की. सडलेल्या तांदळात तंतू 3 ग्रॅमच्याही खाली आणि लोह 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी. लोहात बाजरी ज्वारीच्या पुढे आहे. कॅल्शियमच्या बाबतीत तर नाचणीच्या जवळ कुणीच जात नाही. नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, ज्वारीत तीसच्याही खाली.

ज्वारीचा खरा गुण आहे तो तिच्या सावकाशपणात. काफिरिनच्या ज्या गोळ्यांनी भाकरी लाटू दिली नाही, तेच स्टार्चच्या कणांभोवती चिकटून बसलेले असतात. पाचक रसांना आतल्या स्टार्चपर्यंत पोचायला वेळ लागतो, साखर रक्तात हळूहळू उतरते आणि पोट बराच वेळ भरलेलं राहतं. पण याची दुसरी बाजूही आहे. पाण्यात शिजवल्यावर ही प्रथिनं आणखी घट्ट बांधली जातात आणि त्यांचा काही भाग न पचताच निघून जातो. शिवाय लायसिन हा शरीराला लागणारा घटक ज्वारीत कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. पिठलं-भाकरी, हुलग्याचं माडगं आणि भाकरी, मुगाची आमटी आणि भाकरी या जोड्या चवीसाठी जमल्या असतील, पण पोषणाची उणीवही त्या भरून काढतात.

नुसत्या ज्वारीवर जगावं लागलं की काय होतं, हेही नोंदलेलं आहे. 1960 च्या सुमारास हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या गरीब, ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या लोकांत पेलाग्रा हा रोग आढळतो हे दाखवलं. कातडी काळवंडते, जुलाब होतात, मन भ्रमतं. ज्वारीत ल्यूसिन या घटकाचा अतिरेक आहे आणि तो नियासिन या जीवनसत्त्वाच्या आड येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर पुढे बराच वाद झाला. ताटात डाळ, ताक, भाजी आली की हा रोग डोकं वर काढत नाही. म्हणजे दोष ज्वारीचा जितका, त्याहून जास्त ताट रिकामं असण्याचा.

लोहाचंही असंच आहे. दाण्यातलं फायटिक आम्ल लोहाला बांधून ठेवतं आणि त्यातला थोडाच भाग अंगी लागतो. हे बंधन सोडवायची जुनी युक्ती म्हणजे आंबवणं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीला, सगळं घर रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारतात, पाच पांडव मांडून पूजा करतात. जेवणात भज्जी आणि उंडे असतात, आणि मडक्यातली आंबील हवीच. ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून ठेवलं की लॅक्टिक आम्ल बनवणारे जंतू वाढतात. त्या आंबटपणात दाण्यातलंच एक विकर जागं होतं आणि फायटिक आम्ल फोडतं. प्रथिनंही थोडी पचायला हलकी होतात. रोज आंबील करायला कुणाला सवड नसेल, तर भाकरीबरोबर लिंबाची फोड घ्यावी आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. एवढ्यानेही लोह जास्त अंगी लागतं.

पांढरी, काळी आणि लाल

ज्वारी मुळात आपली नाही. पूर्व सुदानमध्ये पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिची लागवड होत असल्याचे पुरावे सापडले आहेत. तिथून ती भारतात आली आणि काळ्या मातीत अशी रुजली की दख्खनचं अन्नच झाली. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशाही कोठारं लोकांसाठी खुली केल्याची कथा मंगळवेढ्याचीच, आणि तिथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शेजारच्या मोहोळला 1930 च्या दशकात गावरान मालदांडीतून निवड करून एम 35-1 ही जात काढली गेली. जवळजवळ नव्वद वर्षं झाली, नवे वाण आले, पण बाजारात अजून ‘मालदांडी आहे का?’ असंच विचारतात. केंद्र सरकारच्या हमीभावातही संकरित आणि मालदांडी अशा दोन वेगळ्या ओळी असतात. 2023-24 साठी पहिलीचा भाव क्विंटलला 3180 रुपये होता आणि दुसरीचा 3225. या 45 रुपयांच्या फरकावर मंगळवेढ्याच्या व्यापाऱ्याला हसू आलं असेल.

खरिपाची गोष्ट निराळी. 1964 मध्ये सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. बुटका, लवकर येणारा आणि उत्पादन दुपटी-तिपटीने देणारा. पण लवकर येणं हीच त्याची अडचण झाली. गावरान खरीप ज्वारी पाऊस संपल्यावर पक्व होते, संकरित सप्टेंबरच्या पावसातच दाण्यावर येते. ओल्या दाण्यावर बुरशी चढते आणि ज्वारी काळी पडते. तिला ना भाकरीची चव, ना बाजारात भाव. त्यातच 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो लोकांनी खाल्ला. तोही ज्वारीचाच प्रकार, पण त्या पिढीच्या तोंडची त्याची चव अजून गेलेली नाही. पुढे रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागला आणि ज्वारी गरिबाघरची म्हणून मागे पडली. 1960 च्या सुमारास देशात ज्वारीखाली सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर क्षेत्र होतं. आता ते 40 लाखांच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे.

कडबा आणि काढणी

एवढी घट होऊनही ज्वारी टिकली, त्याचं श्रेय बरंचसं कडब्याला जातं. शास्त्रज्ञांनी दाणा वाढवायला ताट बुटकं केलं, पण ज्याच्या दावणीला बैल आणि म्हैस आहे तो शेतकरी बुटकं ताट घेईना. दुष्काळी वर्षात शेकडा पेंढ्यांचा भाव दाण्याच्या कमाईला गाठतो. म्हणून रब्बीसाठी राहुरी आणि परभणीहून आलेले वाण धान्याबरोबर कडबाही देणारे आहेत. खोल जमिनीला ‘फुले वसुधा’, मध्यम जमिनीला ‘फुले सुचित्रा’, हलक्या रानाला ‘फुले अनुराधा’, अशी शिफारस जमिनीची खोली बघून होते. म्हणजे शिल्लक किती आहे, त्याप्रमाणे पीक निवडायचं. परभणीची ‘परभणी शक्ती’ ही दाण्यात लोह आणि जस्त जास्त असणारी जात आहे.

आज खरी अडचण आहे ती काढणीची. सोलापूरकडे रब्बी ज्वारी कापत नाहीत, दोन्ही हातांनी ताट धरून मुळासकट उपटतात. फेब्रुवारीच्या उन्हात, वाळून आवळलेल्या जमिनीतून. मग आडवी पाडायची, वाळली की कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची. मळणीला आता यंत्र आहे, उपटायला मात्र माणूसच लागतो. त्याच जमिनीत, त्याच ओलीवर येणाऱ्या हरभऱ्याला हार्वेस्टर चालतो. त्यामुळे पुष्कळ शेतकरी मोठं रान हरभऱ्याला देतात आणि ज्वारी घरच्या खाण्यापुरती, जनावरांच्या वैरणीपुरती एक-दोन एकर ठेवतात. उंच ताटाचा कडबा न चुरता कणीस वेगळं करील असं, लहान शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारं यंत्र अजून गावोगाव पोचलेलं नाही. तोपर्यंत काढणीच्या टोळ्यांची मजुरी आणि कडब्याचा भाव यांच्या वजाबाकीवरच पुढच्या ऑक्टोबरात किती रान पेरायचं ते ठरतं.